छत्री कॅमेऱ्यावर धर

दादा, अख्ख्या दारव्ह्यातली गेलेली माणसं तू भिंतीवर चढवलीस आणि तुझाच फोटो सापडेना. हसू नकोस. तेरवी तोंडावर आलेली, फ्रेममध्ये काय लावायचं हा प्रश्न घेऊन वहिनी काल सकाळपासून स्टुडिओत बसल्या होत्या. ज्या स्टुलावर लोकांना बसवून तू ‘हनुवटी खाली, नजर इकडे’ म्हणायचास, त्याच स्टुलावर. मी माझ्या जागी, कॉम्प्युटरपुढे. मध्ये तुझी खुर्ची रिकामी. ती बघवत नव्हती म्हणून मी तिच्यावर माझी पिशवी ठेवली होती.

शोधलं सगळीकडे. आधार कार्डावर तू पोलिसांनी नुकताच धरून आणल्यासारखा दिसतोस. लग्नाच्या अल्बममधला फोटो काढला तर वहिनी चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “हे पोरगं कोन हाय? मले तं याची वळख नाई.” खरंच आहे, ती पेन्सिलीने काढल्यासारखी मिशी बघून मलाही ओळख पटेना. बाकी गावातल्या कुठल्याही लग्नात, बारशात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये तू नाहीस. तू कॅमेऱ्यामागे. एवढी वर्षं जगाला समोर उभं केलंस, एकदा तरी समोर येऊन उभा राहिला असतास तर तुझं काय गेलं असतं? मला तुझा राग येतोय, आणि तो ऐकून घ्यायला तू नाहीस याचा जास्त येतोय.

गेलेल्या माणसाचा फोटो करणं हे आपलं निम्मं काम. घरात कोणी गेलं की दोन-तीन दिवसांत कोणीतरी पायऱ्या चढून यायचं. हातात लग्नातला घोळक्याचा फोटो, मागच्या रांगेत बोट ठेवलेलं, “हे आमचे मामाजी. याईचा फोटो मोठा करून द्या.” मग त्या माणसाला घोळक्यातून अलगद कापून बाहेर काढायचं. त्याच्या खांद्यावर कोणाचा ना कोणाचा हात असतोच. साडूचा, व्याह्याचा, जुन्या मित्राचा. तो हात पुसून तिथे खांदा भरून काढायचा, हे माझं काम. त्यानंतर कोट. जन्मभर बंडीवर काढलेल्या माणसालाही घरच्यांना कोट हवा असायचा. आणि सगळ्यात शेवटी मागे देखावा. देखावे सीडीवर तयार यायचे: बर्फाचे डोंगर, निळंशार तळं, काठावर लाकडी घर.

आपले आबा गेले तेव्हा त्यांच्यामागे तो बर्फ मीच लावला होता. फ्रेम भिंतीवर चढली, हार घातला गेला, पंगत बसली. तू जेवता जेवता थांबलास आणि वर बघून म्हणालास, “नंदे, आबाले थंडी वाजत असन वं.”

मला हसू आलं. तू हसला नाहीस. दिवाळी यायच्या आधीच कानाला मफलर गुंडाळून शेकोटीजवळ सरकणारे आपले आबा त्या बर्फात कोट घालून उभे होते, आणि ते तुझ्या घशाखाली उतरेना. पुढच्या रविवारी तू गाडी काढलीस. कॅमेऱ्याची बॅग माझ्या मांडीवर, स्टँड तिरकं बांधलेलं, आणि निघालो दिग्रसवरून पुसदकडे. “कुठं चाल्लो?” विचारलं तर म्हणालास, “आबासाठी जागा पाहाले.”

त्या दिवशी ऊन होतं. पुसदच्या धरणाच्या काठावर तू खूप फोटो काढलेस आणि घरी येऊन मोठे करून पाहिलेस तर सगळे फिके. आपल्या टेकड्या भर उन्हात टेकड्याच दिसतात. पाणी मातकट, वर झुडपं, मध्ये विजेचे खांब. त्या बर्फाच्या डोंगरापुढे आपला देखावा म्हणजे शेजारच्याचं परसदार. मी म्हटलं, जाऊ दे. तू जाऊ देणाऱ्यातला नव्हतास. पुन्हा गेलास, आणि त्या वेळी पश्चिमेकडून काळं भरून आलं. ढग खाली उतरले, टेकडीचा वरचा भाग त्यांच्यात शिरला, आणि ती टेकडी किती उंच आहे हे कळायचंच बंद झालं. पाणी शिशासारखं झालं. विजेचे खांब कुठे गेले कोण जाणे. तू कॅमेरा सोडून नुसता उभा होतास. तेवढ्यात त्या काळ्याच्या पुढून एक बगळा गेला, सावकाश, घाई नसल्यासारखा. “हे पाह्य,” तू म्हणालास, “आता हे कायच्यापेक्षा कमी हाय सांग मले.”

तिथून आपल्याला आभाळाचं वेड लागलं. लोक ढग बघून वाळवण आत घ्यायचे आणि तू चप्पल शोधायचास. तुझे अंदाज मात्र दिव्य. “आज येते पाह्य, पक्कं येते,” म्हणून मला राळेगावपर्यंत नेलंस आणि दिवसभर गावाच्या पाटीखाली घाम पुसत बसवलंस, ढग एक नाही. आणि तू ‘आज कोरडं जाते’ म्हणालास की मी गुपचूप छत्री घ्यायची. पण बांधावर बसलेले ते तास मला आज स्वप्नात बसल्यासारखे आठवतात. वारा पडायची वाट बघायची. वारा पडला की पाणी स्थिर होतं आणि टेकडी त्यात उलटी उतरते. तू दोन्ही हातांची चौकट करून एक डोळा मिटायचास. आभाळाला दोन वाटे, पाण्याला एक. टेकडी उजवीकडे सरकवायची. एखादा पळस किंवा दगड पुढे घ्यायचा, म्हणजे बघणाऱ्याला पाय ठेवायला जागा मिळते असं तू म्हणायचास. स्टँडच्या खाली आपली डब्याची पिशवी लटकवायचास, वाऱ्याने हलू नये म्हणून. त्यामुळे भूक लागली तरी डबा मिळायचा नाही.

आणि डावीकडे, खाली, नेहमी मोकळं. मी कितीदा भांडले तुझ्याशी. एवढा सुंदर देखावा, त्यात एखादा माणूस घे की. म्हशी घेऊन चाललेला, जाळं टाकणारा. माणूस आला की तू थांबायचास, तो जाईपर्यंत बिडीवाल्यासारखा निवांत बसायचास.

“माणसाबिना फोटो मुका वाटते दादा.”

“माणूस येनार हाय ना मागून. त्याची जागा नोको का ठेवाले?”

गिऱ्हाईक अजून जिवंत, आणि त्याची जागा तू आधीच धरून ठेवलेली. मी म्हणायचे, हे भलतंच आहे तुझं. यावर आपलं कधी मिटलं नाही.

दुसरं भांडण छत्रीचं. ती आठवली की आत्ताही माझा हात दुखतो. थेंब सुरू झाले की छत्री मी धरायची, आणि ती कॅमेऱ्यावर. तू बाहेर. पाणी तुझ्या मानेवरून शर्टात जातंय, तुला खोकल्याची उबळ येतेय, आणि मी जरा छत्री तुझ्याकडे कलवली की तू ओरडायचास, “छत्री कॅमेऱ्यावर धर ना वं! मले काय होते?” घरी गेल्यावर वहिनी काही बोलायच्या नाहीत. तुझा शर्ट पिळून दोरीवर टाकायच्या आणि हळदीचं दूध आणून ठेवायच्या, जरा आपटूनच. दम्याचा पंप तुझ्या खिशात आहे ना हे त्या दारातच चाचपून बघायच्या. तुला वाटायचं त्या रागावल्या आहेत. त्या घाबरलेल्या असायच्या.

लोकांना तुझं काळं आभाळ आवडायला वेळ लागला. “एवढं अंधारलेलं कायले लावलं?” असं विचारायचे. तू समजावून सांगायचास, हे आपलं धरण आहे, ही आपली टेकडी, तुमच्या काकांनी इथूनच तर वर्षानुवर्षं ये-जा केली. बहुतेकांना पटायचं. काही तर फ्रेमजवळ तोंड नेऊन वाट शोधायचे. पण तो एक जण आठवतो? वडिलांचा फोटो घेऊन आला आणि बर्फच पाहिजे म्हणून अडून बसला. तू विचारलंस, “भाऊ, तुमचे बाबा कधी बर्फात गेल्ते का?”

तो म्हणाला, “नाई गेल्ते, म्हनूनच तं.”

मी एवढी वर्षं तुझ्याशी भांडून तुला कधी गप्प करू शकले नाही आणि तो एका वाक्यात करून गेला. तू स्वतः बसून त्याच्या वडिलांमागे बर्फ लावून दिलास, चांगला लावून दिलास. संध्याकाळी शटर ओढताना म्हणालास, “त्याचंही बराबरच हाय.” आणि कुलूप लावायला वाकलास. मला तेव्हा पुढचं ऐकायचं होतं.

शेवटची फेरी परतीच्या पावसातली. सोयाबीन कापून शेतात ढीग घातलेले आणि वर ते आभाळ, निळं-जांभळं, मारक्या म्हशीसारखं. तू खुशीत होतास आणि खुशीची लाजही वाटत होती तुला. “लोकाईचं नुकसान अन् आपली चांदी,” असं दोनदा म्हणालास. धरणाच्या काठाला स्टँड लावलं. चौकट ठरली, वारा पडला, पाण्यात टेकडी उतरली. ढगाच्या खालच्या फटीतून ऊन सटकलं आणि पलीकडचा काठ तेवढा सोन्यासारखा पेटला. असं ऊन दोन मिनिटंही टिकत नाही, तूच सांगायचास. आणि नेमकं तेव्हा बाजूच्या शेतात एक म्हातारा-म्हातारी ढिगावर ताडपत्री ओढत होते आणि वारा ती त्यांच्या हातातून हिसकत होता. वारा इकडे पडला होता, तिकडे उठला होता.

तू त्या उन्हाकडे पाहिलंस. मग चप्पल तिथेच टाकून शेतात पळालास. मीही मागे. चौघांनी मिळून ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले. म्हातारी म्हणाली, “कोनाचा रे तू बाप्पा?” तू म्हणालास, “फोटोवाल्याचा.” ती काय समजली देव जाणे. पाऊस सुरू झाला होता. परत आलो तर ऊन गेलेलं, सोनं गेलेलं, नुसतं काळं उरलेलं.

मला वाटलं आता तू चरफडशील. तू काचेवरचं पाणी बनियनच्या तुकड्याने पुसलंस, डोळा लावलास आणि म्हणालास, “असंच चांगलं हाय.” तू भिजून चिंब, छातीतून शिट्टी वाजत होती. मी छत्री उघडली आणि या वेळी सरळ तुझ्या डोक्यावर धरली. तू बटण दाबलंस, आणि दाबताक्षणी कळलं तुला. गर्रकन मागे वळलास. माझ्या डाव्या हातात छत्री, उजव्या हातात मोबाइल. तू तोंड उघडलंस ओरडायला आणि मी तुझा फोटो काढला.

“मिटव तो,” म्हणालास.

“नाई मिटवत. जा.”

मग दोघंही हसलो. घरी येताना तू गाडीवर गुणगुणत होतास.

आणि गेलास त्या दिवशी आभाळात औषधाला ढग नव्हता. स्वच्छ, निळं, त्या सीडीवरच्या तळ्यासारखं आभाळ. दुपारी जेवून आडवा झालास, ते तसंच. असल्या दिवशी जायचं तुला कसं सुचलं, हे मला अजून उमगत नाही. तुझ्यासाठी जाणं म्हणजे किमान गडगडाट तरी व्हायला हवा होता.

परवा दुपारी कॉम्प्युटरपुढे बसल्या बसल्या माझा डोळा लागला. मी धरणाच्या काठाने चालत होते. ढग खाली उतरलेले, वारा पडलेला, पाणी बिनआवाजाचं. आणि काठाकाठाने तू उभी केलेली सगळी माणसं उभी होती. कोट घातलेले मामाजी. डोक्यावर पदर घेतलेली ती गल्लीतली आजी, जिच्या नाकातली मोरणी मी दोन तास बसून नीट केली होती. सायकलच्या दुकानातले चाचा, ज्यांच्या घरच्यांनी फोटो भिंतीवर लावायचा नाही, पण कपाटात ठेवायचा म्हणून करून नेला होता. पावसाची कोणालाच घाई नव्हती. आबा पण होते, मफलर बांधून, पळसाखाली दगडावर. आपलं आभाळ त्यांना मानवलं होतं. मी त्यांच्यापुढून गेले तर ते माझ्याकडे नाही, माझ्या मागे बघत होते, कोणी येतंय का ते. मी मागे वळले. वाटेवर तू नव्हतास. जाग आली तेव्हा माझा गाल की-बोर्डवर होता आणि पडद्यावर ओळीने ‘ल’ उमटले होते.

म्हणून ठरवलं, दादा, तुझ्यामागे वादळच लावायचं. दुसरं काय शोभणार तुला? आणि तिथेच वहिनी अडल्या.

“नंदाताई, काळं आभाळ नोका लावू. उन्हाचा लावा एखांदा. फुलं गिलं असलेला.”

मी चिडले. म्हटलं, “वहिनी, दादाने आख्खा जन्म त्या आभाळामागे घातला. अन् त्याच्याच फोटोत फुलं?”

“म्हनूनच तं म्हनून राह्यली.” त्यांनी पदर तोंडाला लावला, मग काढला. “जिते होते तवा भिजतच राह्यले. म्या काई म्हनलं नाई. शर्ट वायवले, छाती शेकली. आता तिथं कोन शेकन त्याईले? आता तरी कोरड्यात उभं राहू द्या ना.”

आबाले थंडी वाजत असन, म्हणून तू आबांमागचा बर्फ काढला होतास. वहिनींचं बोलणं तुझ्यापेक्षा वेगळं कुठे होतं? आणि तरी हात त्या फुलांच्या देखाव्याकडे जाईना. बाहेर पुसदची बस लागल्याचा आवाज येत होता.

मग मी मोबाइल काढला. तो फोटो मला इतके दिवस उघडवत नव्हता. तुझं ते उघडं तोंड बघितलं की आवाजच ऐकू येईल अशी भीती होती. वहिनींना दाखवला. त्यांनी मोबाइल दोन्ही हातांत धरला, ओंजळीत पाणी धरावं तसा.

“बोलून राह्यले,” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “काय म्हनून राह्यले?”

मी सांगितलं. छत्री कॅमेऱ्यावर धर, मले काय होते. वहिनी हसल्या. हसता हसता त्यांचं नाक लाल झालं. मग आम्ही दोघी रडलो, तू गेलास तेव्हापासून पहिल्यांदा एकत्र.

फोटोत तुझ्यामागचं आभाळ मोबाइलने पांढरं करून टाकलं होतं. मागे काहीतरी लावावं लागणारच होतं. मी तुझ्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढलं आणि तू मागे वळायच्या क्षणभर आधी काढलेला तो शेवटचा फोटो उघडला. सोनं नसलेला, नुसता काळा. टेकडी ढगात शिरलेली, आभाळाला दोन वाटे, पाण्याला एक, आणि डावीकडे खाली मोकळं. त्या जागेत मी तुला आणून ठेवलं. किंचितही सरकवावं लागलं नाही. तुझ्या त्या मोकळ्या जागेवरून मी तुझ्याशी उगाच भांडत होते असं म्हणणार नाही, पण या वेळी ती जागा होती म्हणून बरं झालं.

वहिनी पडद्याकडे बघत होत्या. आभाळाकडे बघून त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. मी सवयीने पुढचं काम सुरू केलं. चौकटीच्या कडेतून आत आलेला माझा मनगटापर्यंतचा हात, बांगड्या, छत्रीचा दांडा, तुझ्या डोक्यावर ती काळी छत्री. हे सगळं कापायचं होतं. आपल्याकडे फोटोत दुसऱ्याचा हात ठेवत नाहीत. आजवर किती हात काढले मी, कोणाकोणाच्या खांद्यावरून. बोटांपाशी कर्सर नेला आणि वहिनींनी माझं मनगट धरलं.

“तो राहू द्या,” त्या म्हणाल्या. “छत्री राहू द्या. मंग आभाळ कसंही असू द्या.”

तसाच ठेवला. काल संध्याकाळी फ्रेम भिंतीवर लागली, आबांच्या शेजारी. तू वादळात उभा आहेस, तोंड उघडं, डोळे मोठे, कोणावर तरी खेकसतोयस, आणि डोक्यावर छत्री. हार घालायला आलेली माणसं थबकतात. आत्या तर म्हणाली, फोटोवाल्याच्याच घरी असा अर्धवट फोटो? हा हात कोनाचा राहून गेला? वहिनी प्रत्येकाला शांतपणे सांगतात, “राहून नाई गेला. नंदाताईचा हाय.”

आणि ओरड तू, दादा. किती ओरडायचं तितकं ओरड. छत्री आता कॅमेऱ्यावर जाणार नाही.